लॅपटॉपला वाहिलेलं हळदी-कुंकू

आबा, तुमची थोरली लेक बेंबळीत आता मोबाईलवाली म्हातारी म्हणून ओळखली जाते. कुणाचा फोन तापला, कुणाचा आवाज गेला, कुणाला भलत्याच बँकेतून फोन आला, की बाया आधी माझ्या ओट्यावर येतात. मी फुकट सांगते, पण शिव्या घालून सांगते. फोन चार्जिंगला लावून उशीखाली घालू नका, अंडी उबवायची आहेत का? बँकेच्या मेसेजात आलेला आकडा विचारणारा कितीही गोड बोलला तरी सांगू नका. जे जावयाला सांगत नाही ते ह्याला कशाला? फोन भरला म्हणून रडता आणि रोज सकाळी आलेली गुलाबाची चित्रं जपून ठेवता. पुसा ती. वाळली की आपण देवावरची फुलं सुद्धा काढतो.

वस्तू स्वतः वापरल्याशिवाय मी तिला बरी-वाईट म्हणत नाही. नळदुर्गला हायवेच्या कडेला गाड्यावर फोन चार्ज करायची एक वीट, पॉवर बँक म्हणतात ती, घेतली, हाताला चांगली जड लागली. उघडली तर आत वजनाला माती भरलेली. जड ते चांगलं हे मी वस्तूंच्या बाबतीत तेव्हा सोडलं, माणसांच्या बाबतीत आधीच सोडलं होतं. कानात घालायची बोंडं चांगली आहेत, पण एकाच कानात घालावीत. दुसऱ्या कानाला कुकरची शिट्टी आणि सुनेचं पुटपुटणं, दोन्ही ऐकू येतं. नातीनं दिलेलं मनगटी घड्याळ पावलं मोजतं. मी चुलीपुढं बसून भाकरी थापते आणि ते म्हणतं, शाब्बास, लई चाललात. खोटारडं आहे. पण ह्या घरात भाकरी थापताना मला शाब्बास म्हणणारं तेवढंच एक, म्हणून काढत नाही.

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं कारण तुमचा रेडिओ. येडशीचं आपलं घर, भिंतीत फळी, फळीवर रेडिओ, त्याला आईनं शिवलेली फुलाफुलांची खोळ. तुम्ही बाजारभाव ऐकायचात, बातम्या ऐकायचात, आणि मग खोळ घालून टाकायचात. एक दिवस तुम्ही शेतात आहात असं समजून मी पाटावर चढते, खोळ वर करते आणि कान पिळते. आधी खरखर, मग कुणी बाई गात येते. तेवढ्यात तुम्ही मागून माझं मनगट धरता. मारत नाही. मारलं असतं तर विसरून गेले असते. नुसतं म्हणता, "बाईच्या हाताला यंत्र धार्जिणं नसतं." त्याच वर्षी तिसरीतून माझी शाळाही सुटली. खंडेनवमीला तुम्ही घरातली सगळी हत्यारं पुजायला मांडायचात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, माझं खुरपं, आणि पाटावर उंच रेडिओ. खुरपं माझ्या हाताला धार्जिणं, जातं आईच्या हाताला धार्जिणं. ज्यातनं गाणं येतं तेवढंच धार्जिणं नव्हतं. कुठल्या पोथीत होतं हे, आबा?

औंदाची खंडेनवमी सांगते. माझ्या लेकानं, म्हणजे तुमच्या लाडक्या नातवानं, बैठकीत चादर अंथरली. ट्रॅक्टरची किल्ली, पाने-पकडी, विळा, आणि मधोमध त्याच्या लेकीचा लॅपटॉप. तोही उघडा आणि चालू, देवाला पडदा दिसावा म्हणून. दसरा झाला की लगेच पोरीची पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती, घरी बसून, त्याच लॅपटॉपवर. त्यात काहीतरी करून दाखवायचं होतं, ते फोनवर होत नाही. पोरगी आंघोळीला गेलेली. मी निवदाचं ताट घेऊन बाहेर येते तर हा विड्याच्या पानानं तांब्यातलं पाणी सगळ्यावर शिंपडतोय. मी ओरडले, "आरं मिटव ते आधी! कोरड्या बोटानं पाठीवर कुंकू लाव, भोकात घालू नको!" तर म्हणतो, "देवाचं पानी हाय आये, त्यानं काय हुतंय?" आणि बटणांवर चिमूट हळद, चिमूट कुंकू, वर अक्षता. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

पोरगी ओल्या केसांनी धावत आली. तिचं तोंड बघवेना. आणि ह्या बाबाला लाज वाटायची सोडून हा तिलाच म्हणतो, "पूजेत ठिवलं तवर चालू हुतं. तूच कायतरी दाबलं असशील. पोरीच्या हाताला यंत्र धार्जिणंच न्हाय. ऱ्हाऊ दे ती मुलाखत. दिवाळी झाली की पाव्हणं बोलवू बघायला."

आबा, हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला तुमच्याकडं आंबे खायला पाठवत होते. तुम्ही आंब्याबरोबर हेही चारलंत.

निवदाचं ताट मी खाली ठेवलं. पोरीला म्हटलं, "रडत बसू नको, वायर काढ. बटण दाबून धर, पार विझू दे." टॉवेलवर लॅपटॉप पालथा घातला, तंबू ठोकल्यागत, आणि पंखा लावला. लेक म्हणाला, "तांदळाच्या डब्यात घाला, सगळी तसंच करत्यात." मी म्हटलं, "तांदूळ भाताला असतो. त्याची पिठी आत गेली म्हंजे खीरच कर मग." मग म्हणाला उन्हात ठेवू. मग म्हणाला एकदा दाबून तर बघू. त्यानं हात पुढं केला तशी मी मधे बसले. "ओलं असताना दाबलंस तर उरलेलंबी जाईल. हात मागं घे."

"तुला काय कळतंय ह्यातलं? तिसरी शिकलीस तू."

"तिसरीपर्यंत शिकले ती माझ्या बापामुळं. म्होरचं शिकले ती माझ्यामुळं. आन् पाणी वतलंस तू, पोरीनं न्हाय. पाव्हणं बोलव, मीच सांगते त्यास्नी, नवरीच्या बापाच्या हाताला यंत्र धार्जिणं न्हाय म्हणून."

सून दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. हसली का रडली, मी बघितलं नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली तरी मी कुणाला हात लावू दिला नाही. मग पोरीनं मऊ ब्रशनं कुंकू झाडलं आणि बटण दाबलं. आबा, खरं सांगते, तेव्हा माझीच मला खात्री नव्हती. एवढं तोंड वाजवल्यावर ते पेटलं नसतं तर पोरीचं सगळंच गेलं असतं, माझ्या शब्दासकट. पेटलं. पण काही बटणं मेलेली, दाबली तरी अक्षर उमटेना. माझं डोकं तिथं थांबलं. पोरीचं थांबलं नाही. ती म्हणाली, बाहेरून वायरनं जोडायची बटणांची पाटी मिळते. ती धाराशिवहून तशी घेऊन आली, आणि दार लावून मुलाखतीला बसली. मी दाराबाहेर पाट टाकून बसले. लेक दोनदा आत जायला आला, दोनदा मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

नोकरी लागली, आबा. दिवाळीला घरात पाहुणे आले ते माझ्या बहिणीकडचे, खाऊन-पिऊन गेले.

परवा लेक माझ्यापुढं फोन धरून उभा. "आये, भरलाय म्हनतोय, बघ की." मी म्हटलं, "मला दिसत न्हाय. तुझ्या लेकीला इचार." बराच वेळ तिथंच घुटमळला. मग गेला, तिच्या कॉटच्या कडेला बसला, आणि तिनं त्याच्या हातातनं फोन काढून घेतला. "आप्पा, आधी ही गुलाबं पुसा," म्हणाली. तो पुसत बसला.

हे मी फोनवर एका बोटानं लिहिलंय, कुणाला दाखवणार नाही. तुम्ही गेलात तिकडचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. एवढी फडाफडा बोलले खरी, पण तुम्ही आत्ता दारातनं खाकरत आत आला असता, तर फोन पदराखाली घालून मी तुमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला उठले असते.