अर्धा टन की एक टन

१९ एप्रिल

एकोणीस! पहाटे बारा डिग्री असलेलं पाणी दुपारी चारला एकोणीस! पाणी गार करायचं चिलर दिवसभर घरघरतंय आणि मी टबात उतरले की नुसती अंघोळ होते.

चूक माझीच. जानेवारीत गोंदियाला श्यामलालच्या दुकानात हेच अर्ध्या टनाचं चिलर चालवून पाहिलं, बोटं बधिर झाली, मी खूश. अगं वेडे, जानेवारीत आपल्याकडे बादलीतलं पाणीही बोटं बधिर करतं! उन्हाळ्याचा विचारच केला नाही. आता आमचं सडक अर्जुनी गाव भट्टीसारखं तापलंय, आणि जूनमध्ये भरतीचं ग्राउंड. वयात बसणारी ही शेवटची पोलीस भरती. नडगी रोज ठणकते. गार पाण्यात बसले तरच दुसऱ्या दिवशी धावता येतं.

पाच एप्रिलला चिलर घरी आणलं तेव्हा श्यामलाल म्हणाला, महिनाभर वापरून बघा. पटलं नाही तर बदलून देईल. मुदत पाच मेपर्यंत.

२१ एप्रिल

बाबा आजही बोलले नाहीत. प्रतापगडच्या यात्रेहून परतताना जीपमध्ये मी तिरोड्याच्या स्थळाला नाही म्हटलं – भरती झाल्याशिवाय लग्न नाही – तेव्हापासून तोंड बंद. सगळं मायमार्फत. मी समोर जेवत असते आणि हे मायला म्हणतात, "फुलवंता, तिले सांग, डोबऱ्यात म्हस बसते तसं बसून कोणी पोलीस होत नाई."

माय माझ्याकडे वळून, "ऐकलं ना?"

ऐकलं! बहिरी आहे का मी?

मग बाबा दोन्ही गुडघे धरत उठले आणि पडवीत गेले. शाळेत असताना हेच बाबा सायकल घेऊन माझ्यामागे यायचे. "पाय उचल, दिव्या, पाय उचल!" – गावभर ओरडा. भरती तर मी होणारच. पण ते ओरडणंही मला परत हवंय. खरंच हवंय.

२३ एप्रिल

टबाच्या शेडच्या टिनावर तणस पसरली, वर हिरवी जाळी. टबावर थर्माकोलचं जाड झाकण. माय कुरकुरली, "गाईच्या तोंडची तणस टिनाले कायले घालतेस?"

चारला अठरा. एक डिग्री कमावली!

२४ एप्रिल

साडेअठरा. गेली अर्धी.

२६ एप्रिल

गोंदियाला जाऊन आले. श्यामलाल खुर्चीत रेलून म्हणाला, "मॅडम, तीन बातें बताओ. पानी कितना, धूप कितनी, और बैठनेवाले कितने?"

पाणी साडेतीनशे लिटर. ऊन – सावली केलीय. बसणारी मी एकटी.

"पक्का अकेली? आदमी भी पानी को गरम करता है. ढक्कन खुला रहता है वो अलग."

म्हटलं, "भैया, आमच्या घरी मी सोडून सगळे त्या टबाला शिव्या देतात!"

तो हसला. एका माणसाला अर्धा टन भरपूर, म्हणे. "फिर ये गर्मी कहीं से तो आ रही है." कुठून? मी दुपारी कोहमाऱ्याला क्लासमध्ये शिकवत असते, चिलर चालू, झाकण बंद. भूत येतं का अंघोळीला?

एक टन घ्यायचं तर वायर जाड टाकावी लागेल. मीटरही पळेल. बाबांना तेवढंच निमित्त.

२८ एप्रिल

लाइट तीनदा गेली. वीस. तरी बसले. नडगी दुखतेच आहे.

झाकणाचा एक फायदा मात्र झाला – पाणी आटत नाही. रोज काठोकाठ.

रात्री जेवताना बाबा: "तिले विचार, मोठी मशीन किती थंडी करते?" माय विचारायच्या आधीच मी म्हटलं, "ज्यांना बसायचं नाही त्यांना कशाला हवी चौकशी?" माय तोंडाला पदर लावून हसत होती. हसण्यासारखं काय त्यात? मला रडू येत होतं.

२ मे

आज शेवटच्या फेरीत लंगडले. तरी फेरी पूर्ण केली. रूपेश – माझ्याबरोबर तयारी करतो – म्हणाला, "सोड ना आता, काऊन जिवावर उठून रायली?" सोडू? इतक्या लांब येऊन?

ठरलं. एक टनच घ्यायचं. चिलर मोठं असलं तर गरमी कुठूनही येवो, माझी बला! घरात काय व्हायचं ते होऊ दे. सोमवारी श्यामलालला कळवणार.

४ मे

उन्हामुळे क्लास लवकर सोडला. एक वाजताच घरी. मागच्या दारी गेले तर झाकण भिंतीला टेकवलेलं, खुंटीला बनियान, आणि टबात बाबा – गळ्यापर्यंत, डोळे मिटून. माय वरच्या टाकीच्या नळाखाली बादली भरत होती. सांडलेलं पाणी भरून काढायला, ते चटका देणारं गरम पाणी!

बाबांनी डोळे उघडले. सवयीने मायकडे पाहिलं. ती काही मदतीला आली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मिलमधी पोते वाहून वाहून गुडघे गेले, दिव्या. यात बसलो का रात्री झोप येते. पण ही मशीन पुरत नाई. मोठी आण."

तिथेच उभं राहून फोन लावला. "भैया, मोजताना चूक झाली. बसणारे दोघं आहेत."