तीन मिनिटं झाली, वाढवू का?

प्रिय सात नंबर हिस,

शेजारच्या बोर्डावरून आठ नंबरचा सप्रेम नमस्कार. मी इकडे गुडघ्यांच्या वर सर्व खुशाल आहे. तूही कानांच्या खाली खुशाल असशील असं धरून चालते. तुझ्या सूनबाईंनी तुला कानाचं नवं यंत्र आणून दिलं आणि तू ते बटणांच्या डब्यात ठेवून दिलंस, हे तुझ्या मागच्या पत्रातून कळलं. (मागचं पत्र म्हणजे आठ महिन्यांपूर्वीचं. मी मोजत बसत नाही, पाकिटावर शिक्का असतो.) टेलिफोन एक्स्चेंजात जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून ज्या बाईचे कान झिजले, तिने म्हातारपणी ऐकायला नकार दिला तर तिचं काय चुकलं, असं माझं मत आहे. ते तू सूनबाईंना माझ्या नावावर खुशाल सांग. डॉक्टरांना मात्र सांगू नकोस.

पत्र लिहिण्याचं कारण शेवटी सांगते. आधी लाइन तपासायची, मग पार्टी जोडायची, ही आपली शिस्त. कानोसाबाईंनी वीस वर्षं आपल्या पाठीशी उभं राहून ती घोटवून घेतली. (सुपरवायझर म्हणून वाईट नव्हत्या गं. फक्त आपण बोलायला लागलो की नेमक्या मागे हजर. आता जिथे असतील तिथे तरी कुणाच्या लाइनीत कान घालत नसोत.)

तर आमच्याकडे वाय-फाय आहे. म्हणजे बाहेरच्या खोलीत आहे. घर तुला आठवत असेलच, पुढे बैठकीची खोली, मग लांबच लांब बोळ, आणि पार मागे स्वयंपाकघर. बाहेरून येणारी वायर खिडकीतून पुढच्या खोलीत शिरते, म्हणून नेटचा डबा तिथे. आणि त्याच खिडकीसमोर मोटारींचे पत्रे ठोकणारा बसतो. त्याचा रविवार बुधवारी येतो, त्यामुळे खऱ्या रविवारी त्याच्या हाताला जास्तच जोर चढतो. स्वयंपाकघरात शांतता आहे, उजेड आहे, माझी खुर्ची आहे, फक्त नेट नाही. बाहेर बसावं तर ऐकू येत नाही आणि आत बसावं तर दिसत नाही. चिरंजीव दर रविवारी सकाळी अकराला फोन करतात, चेहरा दिसणारा. आत बसून घेतला की त्याच्या तोंडाचे चौकोन चौकोन होतात आणि तो तोंड उघडं टाकून तसाच थांबतो. घास भरवायला घेतल्यावर लहानपणी थांबायचा, अगदी तसा. मग अर्धा तास आमचं चालतं, आई, ऐकू येतंय का, येतंय रे, तुला येतंय का, काय म्हणालीस, येतंय का म्हटलं. त्यात तब्येतपाणी निघतं, हवा निघते आणि फोन संपतो.

दोन महिन्यांपूर्वी चिरंजीव म्हणाले, "आई, हे असं सारखं तुटत असेल तर आपण मेसेजवरच बोलत जाऊ ना. तुलाच सोपं पडेल." अगं, त्याचा मेसेज म्हणजे काय तर एक अंगठा. मी चार ओळी लिहायच्या आणि त्याने अंगठा दाखवायचा. रविवारी सकाळी नऊपासून मी इस्त्रीचे कपडे घालून, केस विंचरून बसते ते काय त्या अंगठ्यासाठी? मी ताबडतोब म्हटलं, तू फोन बंद करू नकोस, लाइनचं मी बघते. लाइनचं नाही बघणार तर मी कसली आठ नंबर! त्याने पार्सलने एक यंत्र पाठवून दिलं. भिंतीवरच्या प्लगात बसणारी पांढरी डबी. नाव एक्स्टेंडर. खोक्यावरचं नाव वाचून मी एकटीच हसले. ट्रंक कॉलची तीन मिनिटं भरली की मधे शिरून, तीन मिनिटं झाली, वाढवू का, असं आपण दिवसाला शंभरदा तरी विचारत होतो. आता त्याचं यंत्र निघालं, आणि ते न विचारताच वाढवतं म्हणे.

पण ते वाढवेना. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं की नेटच्या डब्यावरचं बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं बटण दाबा. मी एक्स्टेंडर लावला स्वयंपाकघरात, कारण गरज तिथे. म्हणजे पुढच्या खोलीत बटण दाबून, आख्खा बोळ कापून, दोन मिनिटांत मागे पोचायचं. माझे गुडघे तू पाहिलेले नाहीस, ते निवृत्तीनंतरचे आहेत. पहिल्या खेपेला मधल्या दाराशी चप्पल निसटली. दुसऱ्या खेपेला पोचले, पण चष्मा बाहेर राहिला आणि बटण समजून मी त्याचा दिवाच दाबत बसले. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं आणि दिवा लाल लागला. चार दिवस मी त्या बोळात पळत होते. वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर शेवटी खाली येऊन विचारून गेले, की घरात कुणी पाहुणे आलेत का. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की एकटीने एवढा आवाज करता येतो.

मग कंपनीच्या मदतीच्या नंबराला फोन लावला. आधी एक ध्वनिमुद्रित बाई, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं अकरा वेळा म्हणाली. (आपण कधी म्हटलं का गं असं? आपण जोडून देत होतो.) मग एक माणूस आला. आवाज बरा, घाई नाही, थांबवायच्या आधी विचारतो आणि परत आल्यावर आभार मानतो. मी मनातल्या मनात त्याला दहापैकी नऊ दिले. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, दोन्ही एका खोलीत ठेवून जोडा आणि मग ती डबी उचलून मधे नेऊन लावा. जिथे नेट अजिबात पोचत नाही तिथे लावून कसं चालेल? तिला स्वतःला ऐकू आलं तरच ती पुढे सांगणार ना." मी शरमेने लाल झाले, त्या दिव्याइतकी. हे मला त्याने सांगायचं? लांबच्या लाइनीवर आवाज खोल गेला की मधली ऑपरेटर दोन्हीकडचं ऐकून दोन्हीकडे सांगायची, तब्येत विचारताहेत, बरी आहे म्हणताहेत. ती मधली म्हणजे तू नाहीतर मी. आणि मी मधलीला नेऊन शेवटच्या टोकाला बसवलं होतं! त्या दिवसापासून एक्स्टेंडरचं नाव मी मधली ठेवलं आहे.

(त्या माणसाला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा दोनदा फोन केला. एकदा खरी शंका होती. दुसऱ्यांदा दिवा लुकलुकतो असं सांगितलं. तो लुकलुकत नव्हता. तोच फोनवर आला, त्याने माझा आवाज ओळखला आणि हळूच म्हणाला, मॅडम, दिवा हिरवाच असेल ना? मी हो म्हटलं. मग, आणखी काही मदत करू शकतो का, असं त्याने विचारलं आणि मी बराच वेळ विचार केला.)

आता मधे म्हणजे बोळात. बोळात प्लग एकच, आणि त्याच्यापुढे ह्यांचं लोखंडी कपाट. सर वरून येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलं, की लोखंडातून नेट जात नाही, कपाट हलवल्याशिवाय गत्यंतर नाही. ह्यांचा स्वभाव तू जाणतेस. हयातीत मला कुणाचा फोन आला की हे मधे येऊन उभे, आता चार वर्षं कपाट उभं. हलवायचं तर रिकामं करायला हवं, आणि रिकामं करायला ते उघडायला हवं. चार वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. शेवटी रविवार जवळ आला म्हणून उघडलं. कोटांच्या खिशांत पाच रुमाल, एक शिट्टी (कशासाठी, ते आता कुणाला विचारू?) आणि एक घडी पडून पिवळा झालेला कागद. त्यावर आपल्या एक्स्चेंजचा नंबर आणि खाली ह्यांच्या अक्षरात, आठ नंबरच मागणे, सात नंबर फार बोलते. मी बोळात फतकल मारून बसले आणि आधी हसले, मग रडले, आणि मग गुडघ्यांमुळे उठता येईना म्हणून तशीच तासभर बसून राहिले. संध्याकाळी सरांनी आणि मी मिळून कपाट अडीच हात सरकवलं. मधली तिथे लागली आणि हिरवी झाली.

रविवारी अकराला फोन आला. काय सांगू तुला, इतकं स्वच्छ चित्र, की त्याच्या कानावरचे पांढरे केस मला मोजता आले असते. कॉलरचं एक बटण तुटलेलं होतं. आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. बाजूला दुसरं काहीतरी उघडं होतं, त्याचा उजेड चष्म्यावर बदलत होता. माझे गुडघे विचारून झाले, त्याची सर्दी विचारून झाली, दोन्हीकडची हवा झाली. आमची सून कामावर गेली होती, ती बरी होती. आणि संपलं. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर तीन मिनिटं. पुढे दोघंही गप्प. आजवर असं गप्प होणं नेटच्या नावावर खपून जायचं, पण हे आमचं स्वतःचं होतं आणि ते अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. मला काही सुचेना, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, तीन मिनिटं झाली, वाढवू का?

तो मान वर न करता म्हणाला, "नको आई, पोट भरलंय."

वाढवू म्हटलं ते त्याने वाढू ऐकलं. एका व चा फरक गं. मला इतकं हसू आलं, की डोळ्यांना कांदा चिरताना येतं तसं पाणी आलं. का हसतेस म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं, तोही थोडा हसला. मग, आता मस्त ऐकू येतंय हं आई, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

एकंदरीत यंत्र उत्तम चाललं आहे, दिवा हिरवा आहे, काळजी नसावी. घरातल्या लहानमोठ्यांना माझी आठवण सांग आणि कानाचं यंत्र घालायचं नसेल तर निदान त्यातले बटणासारखे सेल काढून ठेव.

तुझी शेजारीण,
आठ नंबर
(बोर्ड बंद, ऑपरेटर चालू)

ता.क. वर लिहिलं ते खरं असलं तरी पुरं नाही. तीन मिनिटांत फोन संपणं काही मला परवडेना. डॉक्टरांनी दिलेली काठी मी वर्षभर हातात धरली नव्हती, ती आता कामी आली. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून बोळात ओढून बसलं, की काठीचं टोक तिथल्या प्लगच्या बटणापर्यंत बरोबर पोचतं. बोलणं संपत आलं असं दिसलं की मी मधलीला हळूच बंद करते. त्याचे चौकोन होतात, हॅलो हॅलो होतं, मग मी तिला पुन्हा चालू करते आणि सगळं नव्याने विचारता येतं. एका हॅलोमागे तीन मिनिटं कुठे गेली नाहीत. एका रविवारी मी एक्केचाळीस मिनिटं काढली. कानोसाबाई असत्या तर त्यांनी मला निलंबित केलं असतं.

ता.क. दुसरा. तीन रविवार हे चाललं. चौथ्या रविवारी मी काठी उचलायच्या आतच त्याचं चित्र थांबलं. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड थोडं उघडं, हूं नाही की चूं नाही. मी दिव्याकडे पाहिलं, हिरवा. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला होता, पण त्याच्या मागे खिडकीचा पडदा हलत होता. चित्र एवढं स्वच्छ नसतं तर मला कळलंही नसतं. मी म्हटलं, हॅलो, हॅलो, लाइन खराब दिसते आज, ठेवते हं, आणि ठेवला. लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा आपला नियम. तू बाहेरची नाहीस म्हणून सांगितलं. सरांनी विचारलं तेव्हा छान चाललंय म्हटलं.

ता.क. तिसरा, आणि हेच पत्राचं कारण. बुधवारी पत्रेवाल्याची सुट्टी असते. दर बुधवारी दुपारी चार वाजता तू मला फोन कर, बाहेरच्या खोलीतल्या जुन्या तारेच्या फोनवर. नंबर तुला पाठ आहे. तुला माझं काही ऐकू येणार नाही हे मला ठाऊक आहे. मला ऐकू येतं, एवढं एकीला आलं तरी पुष्कळ. नंबर लावलास की दहापर्यंत मोज आणि बोलायला लाग, मी फोनपाशीच बसलेली असेन. काहीही बोल, सूनबाईंची कागाळी कर, काही सुचलं नाही तर पेपर वाचून दाखव. सात नंबर फार बोलते असं ह्यांनी लिहूनच ठेवलं आहे, त्यांना खोटं पाडू नकोस. तीन मिनिटं झाली की सवयीने मी विचारीनच, वाढवू का. ते तुला ऐकू जाणार नाही, म्हणजे तू नको म्हणणार नाहीस.