वेणी पुढे, पर्याय पहिला

दि. ५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक बाहुली सोडून. आईचं पत्र पोचायच्या आत माझं पोचावं म्हणून घाईने लिहितेय, नाहीतर ती तिखटमीठ लावून सांगेल.

काल सगळ्या शाळांची मिळून होते ती गणिताची परीक्षा झाली. तीत आपटलं की विज्ञान शाखा विसरा, हे तुला ठाऊक आहेच. बाहुली माझ्या पुढच्या बाकावर. आमचं आधीच ठरलं होतं. पहिला पर्याय बरोबर असेल तर तिने वेणी पुढे घ्यायची, दुसरा असेल तर कान खाजवायचा, तिसऱ्याला मान मोडायची, चौथ्याला खोकायचं. लहानपणापासूनची मैत्रीण, मी डोळे मिटून गोल काळे करत गेले.

पेपर सुटल्यावर जिन्यात घोळका करून उत्तरं ताडून बघत होतो. टाकीच्या गणिताचं सगळ्यांचं उत्तर बहात्तर लिटर, बाहुलीचंही. माझं अठरा! त्रिकोणाचं तेच, व्याजाचं तेच. तिची सगळी जुळत होती आणि माझं एकही नाही. वर मेली म्हणते कशी, की तिने खुणा बरोबरच केल्या होत्या.

डोक्यात तिडीक गेली, दादा. तिची वेणी धरून डोकं कठड्यावर आपटलं. एकदाच नाही. ती माझ्या मनगटाला चावली, तशी पत्र्याची कंपासपेटी उघडी पडली आणि कर्कटक हाती आलं. शिपाईमामांनी मला कमरेला धरून उचललं तरी माझ्या लाथा चालूच होत्या. मुठीत तिचे केस राहिले होते. मला मुळीच वाईट वाटत नाहीये. केसाने गळा कापला तिने माझा.

आईला माझ्या बाजूने चार शब्द लिही. तूच म्हणतोस ना, एक खाल्ली तर दोन द्याव्यात. या पत्रानंतरही लोभ तसाच ठेव.

तुझी,
ठिणगी

दि. ११ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र भट्टीपाशी उभ्याने वाचलं. हातातला सांडस खाली पडला, मुकादम माझ्यावर खेकसला. गधडे, एक खाल्ली तर दोन द्याव्यात, पण तू खाल्ली कुठे होतीस? आईने लिहिलंय की बाहुलीच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तू डोळ्याचं नावसुद्धा काढलं नाहीस! समोर असतीस तर कानाखाली जाळ काढला असता.

आता नीट वाच. आमच्या कारखान्याच्या भरतीत प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात संचाचं अक्षर छापलेलं असतं. प्रश्न तेच, पण पर्यायांचा क्रम प्रत्येक संचात वेगळा. शेजाऱ्याचं बघून लिहिणारे सगळे तोंडावर पडले. तुमच्याकडे तसंच नव्हतं ना? तिची पत्रिका आणि तुझी शेजारी शेजारी ठेवून बघ. आणि हात जोडून दवाखान्यात जा. त्या पोरीचं बरं असल्याचं कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

काळजीत असलेला,
दादा

दि. १७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तिची प्रश्नपत्रिका शिपाईमामांनी तिच्या दप्तरात घालून ठेवली होती, रक्ताने कडक झालेली. कोपऱ्यात ड. माझ्यावर ब. तिच्या पत्रिकेत बहात्तर पहिल्या पर्यायाला आहे. तेव्हा तिने वेणी पुढे घेतली होती, दादा. मला नीट आठवतंय.

दवाखान्यात गेले. दारातच तिच्या आईने माझ्या थोबाडीत मारली, मग चपलेने मारलं, ओठ फुटला. मी हात वर केला नाही. शेवटी त्या थकून बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, की डोळा काढावा लागला.

बाहुली उशाला टेकून बसली होती. मी पायाशी रडत उभी राहिले, संचाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग हात धरायला मी डावीकडून जवळ गेले, तर तिने मला उजव्या बाजूला यायला सांगितलं. म्हणाली की मी पुन्हा मारायला आले तर तिला दिसायला हवं. मला वाटलं चेष्टा करतेय, पूर्वीसारखी. खाटेला वळसा घालून मी उजवीकडे गेले, हात पुढे केला.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.

तुझी बहीण