पुंगळीच्या बुडाशी

आप्पा, तार काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत घालून मी हळूहळू फिरवते आहे आणि तुम्ही पुंगळीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघताय. "लागलं काही?" "नाही." "परत बघ. बुडाजवळ." मी परत बघते. तारेचं टोक गुळगुळीत पितळावरून सरकतं आणि एका जागी किंचित ठेचकाळतं. "लागलं." "फेक ती," तुम्ही म्हणता, आणि पुंगळी भंगाराच्या पिशवीत जाते. दोह्यातल्या आपल्या फ्लॅटचा तो अरुंद ओटा. एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला तुमचं हाताने दाबायचं प्रेस, मधे माझी कणीक.

पुण्याच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन तुम्ही दुखानच्या रस्त्यावरच्या एका खाजगी नेमबाजी मैदानावर काडतुसं पुन्हा भरायच्या कामाला आला होतात. बंदुकीची दारू तिथेच कुलपात असे. घरी यायच्या त्या फक्त झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या, बिस्किटांच्या डब्यांतून. ते दोन हजार साल. लग्न होऊन आलेली मी, मराठीची एम.ए., दिवसभर घरात. तुमचा मुलगा वेस्ट बेच्या एका अर्धवट टॉवरच्या कामावर. "उडाली की फुगते," तुम्ही शिकवलंत. "डायमध्ये, म्हणजे या साच्यात, दाबली की मापात येते. पण दर वेळी बुडाजवळचं पितळ थोडं ताणलं जातं. बाहेरून दिसत नाही. आत खाच पडते. मग एक दिवस फाटते, रायफलवाल्याच्या तोंडासमोर." पहिल्याच आठवड्यात मी वंगण लावायला विसरले आणि पुंगळी डायमध्ये रुतून बसली. तुम्ही दोन तास ती काढत होतात. "पोळ्या लाटतेस काय गं? पोळी करपली तर दुसरी करता येते." मी रडले नाही. त्या दिवशी पोळ्या मात्र करपवल्या. तुम्ही त्यातल्या तीन खाल्ल्यात.

दिवाळीला तुम्ही मला सायकलच्या चाकाच्या तारेचं एक हत्यार करून दिलंत. टोक घासून वाकवलेलं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. तुमच्या मुलाला डबीत सोन्याचं काही असेल असं वाटलं होतं. "आप्पा, हे काय, दात कोरायला?" "तुला नाही कळायचं. हिची बोटं माझ्यापेक्षा शहाणी आहेत." ते नुसतं कौतुक नव्हतं, हे मला नंतर कळलं. एका दुपारी तुम्ही तापलेल्या तव्याची कड धरलीत आणि धरूनच बोलत राहिलात. मी ओरडले. बोटांवर फोड उठत होते आणि तुम्ही ते माझ्याइतक्याच नवलाने बघत होतात. रक्तातल्या साखरेने बोटं बधिर झाली होती. "मैदानावर कळलं तर परत पाठवतील," तुम्ही म्हणालात. "घरी बसलेला म्हातारा तू बघितलेला नाहीस." त्यानंतर प्रत्येक पुंगळीत तार मीच घातली. डब्यावरच्या 'तपासलं' अशा चिठ्ठीवर सही तुमची.

मग एक पुंगळी फाटली. मैदानावर आलेल्या एका पाहुण्याचा गाल भाजला, डोळा वाचला. तिथल्या मुदीरने, तुमच्या साहेबाने, त्याच डब्यातली दुसरी पुंगळी आणि एक तार तुमच्या हातात दिली. तुम्ही तार फिरवलीत आणि म्हणालात, "ठीक है." त्याने ती पुंगळी करवतीने उभी कापली. आत खाच होती, नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी. "बाबा, खलास," तो म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं म्हणे. हे सगळं तुम्हाला आणायला गेलेल्या तुमच्या मुलाने मला सांगितलं. "आप्पांच्या बोटांना काही कळतच नाही. तुला माहीत होतं?" मी नाही म्हणाले. तुम्ही समोर बसून बूट काढत होतात. वर बघितलं नाहीत.

दहा दिवसांनी तुम्ही विमानात बसलात. सहा महिन्यांनी गेलात, दुपारी, खुर्चीत. त्या डब्यातली खाच कशी सुटली, हे फोनवर तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझी बोटं चुकली असं तुम्हाला वाटत होतं का? की तुम्हाला सगळं माहीत होतं? दोन्हींपैकी कशानेच मला बरं वाटत नाही. ती तार अजून आहे. गॅसच्या बर्नरची भोकं मी तिने साफ करते.

माझी बोटं चुकली नव्हती, आप्पा. तो डबा मैदानावर गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळी चार डबे होते. तीन बघितले. चौथ्यातल्या वरच्या दहाबारा पुंगळ्या बघितल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या, आणि मी झाकण लावलं. तुमचा राग आला नव्हता. हात दुखत नव्हते. कंटाळा आला होता. "झाले सगळे?" तुम्ही बाहेरच्या खोलीतून विचारलंत. "झाले," मी म्हणाले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला गाडीचा हॉर्न वाजला. मी चहा केला. तुम्ही तो उभ्यानेच प्यालात, चारही चिठ्ठ्यांवर सह्या केल्यात, डबे पिशवीत भरलेत आणि गेलात.