अक्का, तुमचं माप मी मोडलं

प्रिय अक्का,

आज सकाळी मृदुलाचं पुस्तक छापायला गेलं. शेवटची पानं पाठवली, खुर्चीत मागे टेकलो आणि वाटलं, हे तुम्हाला आपणच सांगावं. म्हणून लिहायला बसलो. तुमच्या लेकीच्या पहिल्या पुस्तकात मी तुमचं माप वापरलेलं नाही.

रागावलात? रागवा. पण आधी ऐकून घ्या. तुमच्यासमोर माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही, आज तरी होऊ द्या!

तुम्हाला आठवतं, निपाणीकडच्या खेड्यातून मी नुकताच आलो होतो तेव्हाची गोष्ट? यशवंतपूरच्या आपल्या अक्षरजुळणीच्या ऑफिसात, खाली कांद्याच्या गाड्या रिकाम्या होत असताना, तुम्ही पडद्यावर एका ओळीत चार अक्षरं दाखवलीत.

“हे कोण?”

“आर.”

“चारही?”

“चारही आरच की, अक्का. तऱ्हा वेगळ्या.”

“चुकलास. ही चार वेगळी माणसं आहेत. हा साधा आर म्हणजे एखादी संख्या. हा पोकळ, दुहेरी दांडीचा, म्हणजे साऱ्या संख्यांचा मेळा. हा जुन्या जर्मन वळणाचा काळा आणि हा नक्षीचा, यांची कामं आणखी निराळी. गणितात कपडे बदलले की माणूस बदलतो रे. तू कपड्यात गोंधळ केलास तर वाचणारा भलत्याच्याच घरात शिरेल.”

गणित मला फारसं येत नव्हतं, आजही येत नाही. पण ते वाक्य मनात बसलं. मग तुम्ही नक्षीचा एल दाखवलात आणि मी ओरडलोच, “हा तर आमच्या गुरुजींचा एल!” पाचवीत चार रेघांच्या वहीत गुरुजी अगदी तसाच, पोटात वेटोळं घेतलेला एल काढून द्यायचे. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. “सरी, बरं,” म्हणालात, “म्हणजे तुला निम्मं काम येतंच.”

उरलेलं निम्मं म्हणजे माप. नक्षीचं अक्षर एका कारागिराचं, पुस्तकाचं साधं अक्षर दुसऱ्याचं. दोघांना एका ओळीत बसवायचं तर नक्षीच्या अक्षराचा आकार कमीजास्त करावा लागतो. पहिल्या खेपेला मी काय केलं होतं? नक्षीच्या शेपटीचं टोक साध्या अक्षराच्या डोक्याला नेऊन भिडवलं. उंची बरोबर, आणि अक्षर मात्र आजारी पोरासारखं खंगलेलं! तुम्ही कागद उलटा धरलात, डोळे बारीक केलेत. “शेपटी मोजू नको, धड मोज. कागद उलटा धर म्हणजे अक्षर वाचलं जात नाही, नुसता काळेपणा दिसतो. कुठे डाग पडलाय का ते बघ.”

असं बघत बघत तुम्ही एक आकडा ठरवलात. शंभराला चौऱ्याण्णव. “नक्षी नेहमी स्वल्प लहान. दागिना आधी दिसला आणि बाई मागून, असं नको.” ऑफिसात त्याला ‘अक्कांचं माप’ असं नावच पडलं. नवीन मुलं येतात, तुम्हाला त्यांनी पाहिलेलंही नसतं, पण विचारतात, “अण्णा, इथं अक्कांचंच माप ना?”

एक तक्रार मात्र आहे. आकडा दिलात, पण तो कुठं लागू नाही हे कधी सांगितलं नाहीत. का? तुम्हालाही तशी वेळ आली नव्हती म्हणून? मला वाटतं, तसंच असावं.

ती वेळ मृदुलाच्या पुस्तकात आली.

तिच्या गणितात नक्षीचा आय आणि नक्षीचा जे अशी जोडी आहे. एक मोठ्या गोष्टीचं नाव, दुसरं तिच्या पोटातल्या लहान गोष्टीचं. पुस्तकभर ही दोघं एकमेकांशी भांडतात, आणि बहुतेक वेळा ओळीत नाही, तर दुसऱ्या अक्षराच्या पायाशी, बारीक होऊन. तुमच्या मापानं लावलं तर त्या बारीक जागी वेटोळी बुजतात, आणि आय कुठला, जे कुठला, कळेनासं होतं. एकाच्या जागी दुसरा वाचला की सिद्धांत उलटा!

आधी मी तुमचं माप वाचवायची खटपट केली, खरंच. ओळीत तुमचं माप ठेवलं आणि फक्त पायाशी अक्षर मोठं केलं. पण मग ओळीतला आय आणि पायाशी बसलेला आय एकाच घरातले वाटेनात. शेवटी अक्षरच बदललं. कमी वेटोळ्यांचं, थोडं ताठ उभं राहणारं नक्षीचं अक्षर निवडलं आणि त्याला पूर्ण शंभराचं माप दिलं. नमुन्याची पानं मृदुलाला पाठवली.

शनिवारी दुपारी ती मारतहळ्ळीहून बस बदलत थेट ऑफिसात आली. पिशवी टेबलावर आपटली. तुमचीच तऱ्हा!

“अण्णा, आईचं माप काढलंत?”

“काढलं.”

“कुणाला विचारून?”

“पानाला.”

“कोड्यात बोलू नका. मला ते जुनं अक्षर आणि जुनं माप पाहिजे. किती लोकांच्या पुस्तकांना तिनं हात लावला. माझं पुस्तक ती स्वतः लावणार होती. ते नाही झालं. निदान तिचं माप तरी राहू दे की!”

  अक्षर आणि आकडा, एवढंच तर बदलायचं होतं. बदललं असतं तर ती समाधानानं घरी गेली असती. आणि तिचं पुस्तक वाचणारा प्रत्येक जण आय आणि जेमध्ये ठेचकाळत राहिला असता. वर्षानुवर्षं मन लावून केलेलं काम तिचं, आणि ते लोकांच्या हाती पोचणार होतं याच अक्षरांच्या वाटेनं.

त्या घडीला मला आमच्या गावची देवी आठवली. आमच्याकडे देवीची पूजा बांधायचं काम. वडील दिवसा देवीला लहान नथ घालायचे आणि उत्सवात, समईच्या उजेडात, मोठी. घातल्यावर उंबऱ्यापर्यंत मागे जाऊन बघायचे. मी विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, “अंधारात लांबून येणाऱ्यालाही आईचं मुख कळलं पाहिजे.” दागिन्याचं माप दागिन्यावर ठरत नाही, बघणारा कुठं उभा आहे आणि उजेड किती आहे, त्यावर ठरतं. मी रोज देवापुढे हात जोडतो ते मागण्यासाठी कमी आणि हे असलं काही ध्यानात राहावं म्हणून जास्त.

मृदुलाला मी एवढंच म्हणालो, “बस. तुझ्या आईच्या मापाची पानं काढतो. आपण तिच्याच पद्धतीनं वाचू. तोवर मी माप बदलणार नाही.”

तुमची पद्धत म्हणजे एकानं छापलेलं पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रत धरायची. आपण दोघं तसं वाचायला लागलो की खालचा चहावाला जिन्यातूनच विचारायचा, “याव पूजे, अक्का?” कुठली पूजा चाललीय! नक्षीचा एस, पायाशी पोकळ झेड, डोक्यावर टोपी... त्याला ते स्तोत्रच वाटायचं.

मी वाचायला लागलो. मृदुलानं तिची प्रत धरली.

“साधा एम, पायाशी नक्षीचा जे.”

“आय,” ती म्हणाली.

“जे आहे गं.”

“आय आहे, अण्णा. नीट बघा.”

मी चष्मा सारखा केला आणि पुढं गेलो. दोन ओळींनंतर परत तेच. या खेपेला मी आय वाचला, आणि तिच्याकडे जे होता. मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ! ही अक्षरं मीच लावलेली, आणि मलाच ओळखू येईनात. “दे इकडे,” म्हणत तिनं पान ओढून घेतलं. बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मलाही आयच दिसतोय.”

तिनं पान खाली ठेवलं. मग विचारलं, “म्हणजे आई चुकली होती?”

“मुळीच नाही. तिच्या पुस्तकांत अक्षर ओळीत बसायचं. तुझं पायऱ्या उतरून खाली गेलंय. तिथं उजेड कमी आहे.”

“हे तिच्या तोंडावर बोलला असतात?”

“बोललो असतो.”

“आणि ती?”

“अबोला धरला असता. जेवणाच्या सुट्टीत पाठ करून बसली असती. संध्याकाळी कागद उलटा धरून बघितला असता आणि म्हणाली असती, मला हे आधीच दिसलं होतं!”

मृदुला हसली, अक्का. तुम्ही गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता रडली, पदर नाही म्हणून ओढणीनं नाक पुसलं, आणि म्हणाली, “लावा तुमचं शंभर. पण एक जरी डाग पडला ना, तर बघा!”

मग आम्ही तीच पानं नव्या अक्षरात मोठ्यानं वाचली. एकदाही अडखळलो नाही. कागद उलटा धरूनही पाहिला. पान शांत आहे. मला खात्री आहे, तुम्हीही हेच केलं असतंत.

पण जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा ती जे म्हणाली ते मनातून जात नाही. म्हणाली, “आई गेल्यापासून सगळे मला हो म्हणतात, अण्णा. दयेनं म्हणतात. आज तुम्ही नाही म्हणालात.”

तेव्हा अक्का, हा शब्द घ्या. तिचं पुढचं पुस्तक येईल, त्याच्या पुढचंही येईल. ती हट्ट करील, पिशव्या आपटील. जिथं तिचं चुकत असेल तिथं तिला नाही म्हणायचं काम आजपासून माझ्याकडे. तुम्ही निश्चिंत असा.

तुमच्या हाताखाली घडलेला,
परशुराम