तंबाखूनं का चुन्यानं?

मंगळवार, संध्याकाळ

नव्या चाचणीत दोन औषधं एकत्र देऊन पाहायची आहेत. पहिल्या पेशंटांना त्रास झाला नाही, तर पुढच्यांना त्यातलं कोणतं वाढवायचं, हे मला ठरवायचंय. दिवसभर तेच डोक्यात.

घरी आले तर गडहिंग्लजच्या आत्ती पान थुंकून भिंतीला टेकलेल्या. गरगरतंय म्हणाल्या.

"तंबाखूनं का चुन्यानं?" मी विचारलं.

"काय म्हाईत. आज दोन्हीबी जास्त पडलं की गं."

म्हणजे एका वेळी एकच वाढवावं. पण नुसता चुना वाढवला तरी तंबाखूच जास्त चढते. मग दोष कुणाला द्यायचा? आणि फार जपून गेलं, तर पहिल्या पेशंटांना औषध लागू पडेल एवढं मिळणारच नाही.

आत्तींना पान थुंकता आलं. माझ्या पेशंटांनी गोळ्या गिळलेल्या असणार.