आधी चुकीचा मजला

४ मार्च

धाकटीला स्थळ सांगून आलं. घर तालेवार आहे — बावीसशे माणसं कामाला, स्वतःची चौदा मजली इमारत. पत्र मात्र एका ओळीचं : ‘आपल्या भाषेला कायमस्वरूपी पाठबळ देण्याबाबत भेटू इच्छितो.’

धाकटी म्हणजे भावोजींनी केलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. ताईला आणि त्यांना मूलबाळ नाही. सव्वीस वर्षं घरात हिचेच लाड, म्हणून ताईनं ठेवलेलं नाव. जगात ती वापरणारे किती? आमच्या मेलिंग लिस्टवर एकशे चार. त्यांतले तोंड उघडणारे सहा. त्यांतला एक मी — पत्रव्यवहार माझ्याकडे, कारण संस्कृतच्या मास्तराला निवृत्तीनंतर दुसरं कोण काय देणार.

पत्र हॉस्पिटलात नेऊन भावोजींना वाचून दाखवलं. त्यांचं हृदय थकलंय. डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही उजवली की मी मोकळा."

"मग मी सावकाशच करतो," मी म्हटलं.

हसले. हसल्यावर बराच वेळ दम लागला.

६ मार्च

आत्ता लक्षात आलं — ही तर शंकोबाची कंपनी! तिथल्या माणसाला हे नाव मी ठेवलेलं. नऊ वर्षं लिस्टवर शंका विचारतोय. ‘अमुक ठिकाणी काम अडले आहे. उपाय कळवावा. आभारी आहे.’ एक अक्षर इकडे नाही, तिकडे नाही. मी कितीही थट्टा केली तरी कधी उलटून बोलला नाही.

धाकटी मला भावोजींनीच शिकवली, पण उत्तरं मी शास्त्राच्या रीतीनं देतो. आधी पूर्वपक्ष — म्हणजे चुकीचं उत्तर, पण अगदी खरं वाटेल असं, नीट लिहून. मग ते का चूक ते दोन ओळींत. मग सिद्धान्त, म्हणजे बरोबर उत्तर. शिष्याला चूक पुरती दिसल्याशिवाय खरं पचत नाही, असं आमचे गुरुजी म्हणायचे. लिस्टवरचे बाकीचे वैतागतात. "अहो, सरळ सांगा की." शंकोबा कधीच वैतागला नाही. गुणी माणूस. सोमवारी भेटेल.

११ मार्च

कंपनीत जाऊन आलो. क्रमानं लिहितो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

लिफ्टमध्ये नवव्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार उघडलं. समोर रिकामा पॅसेज, कोपऱ्यात एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून. कुणी चढलं नाही, उतरलं नाही. माझ्याबरोबरचे सातजण खाली मान घालून उभे — देवळात उभे राहावेत तसे. दार मिटलं, आणि मग नववा.

नवव्यावर शिपायानं दाराला कार्ड लावलं. शेजारचंच दार उघडलं. शिपाई गप्प उभा. ते मिटलं, मग आमचं उघडलं. आत शिरल्यावर दिवे विझले, आणि मग लागले.

संचालक बाई चाळिशीच्या, बोलायला गोड. मी म्हटलं, आधी तुमच्या त्या शंका विचारणाऱ्या माणसाला बोलवा, नऊ वर्षांची ओळख आहे. बाईंनी इमारत सांभाळणाऱ्या इंजिनिअरकडे पाहिलं.

"ते वारले, सर," इंजिनिअर म्हणाला. "आठ वर्षं झाली."

"आणि गेल्या मंगळवारी मला विचारलं ते कोणी?"

तो खालच्या आवाजात सांगू लागला. त्या गृहस्थांनी जाण्याआधी एक सोय करून ठेवली होती. इमारतीचा प्रोग्रॅम कुठे अडला की तो स्वतःच लिस्टवर प्रश्न पाठवतो. उत्तरातला प्रोग्रॅमचा भाग तेवढा उचलतो, स्वतःत बसवतो आणि पुढे चालू लागतो. "आम्ही हात लावत नाही. कुणाला कळतच नाही तो. बाहेरच्या तीस इमारतीही त्याच्यावरच चालतात."

म्हणजे माझी नऊ वर्षांची उत्तरं. यंत्र चुकीचंही चालवतं आणि बरोबरही — मी लिहिलं त्याच क्रमानं. मधलं खंडन तेवढं वगळतं, कारण ते साध्या वाक्यांत असतं. मी चौदा मजले उंच वाढलो होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

बाईंनी विचारलं, "हा क्रम मुद्दामच ठेवलाय ना, सर? आमचे लोक म्हणतात, सुरक्षेसाठी असणार."

खरं सांगितलं असतं तर स्थळ मोडलं असतं. भावोजींचा चेहरा समोर आला.

"हो," मी म्हटलं. "शास्त्रशुद्ध पद्धत आहे."

उतरतानाही चौथ्यावर थांबलो. खुर्चीचं तोंड आता लिफ्टकडे होतं. झाडणाऱ्यानं फिरवली असणार.

१२ मार्च

होकार आला. भावोजींना सांगितलं. माझा हात धरून पडून राहिले. इतकी वर्षं त्यांनी कधी धरला नव्हता. बाकीचं उद्यावर टाकलं.

१९ मार्च

प्रायश्चित्त घ्यायला गेलो आणि पाप वाढलं.

शंकोबाची — अजून तेच नाव येतं — शंका आली. म्हटलं, आता सुधारू या. पूर्वपक्ष नाही, थट्टा नाही. सरळ बरोबर उत्तर पाठवलं. अर्ध्या तासात इंजिनिअरचा फोन. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लिफ्ट अडकलीय, आत आठ माणसं.

"पहिल्याची वाट बघतेय, सर. तुम्ही पहिलं दिलंच नाहीत."

घाईघाईनं काहीतरी चुकीचं लिहून पाठवलं. लिफ्ट लगेच हलली.

बरोबर उत्तरानं चाळीस मिनिटं कोंडली, खोट्यानं सुटली. तर्कशास्त्राच्या तासाला एखाद्या पोरानं हे लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

२० मार्च

आज मीठ हवं होतं. हात आधी साखरेच्या डब्याकडे गेला, थांबला, मग मिठाकडे. वयाचा दोष.

२८ मार्च

करार झाला. तीन माणसांचे पगार, धाकटीसाठी कायमची जागा. भावोजींनी पलंगावर टेकून सही केली. सही करताना जीभ बाहेर काढली होती, शाळकरी पोरासारखी. ताई पाठ फिरवून खिडकीचा पडदा उगाच नीट करत होती.

बाहेर पॅसेजमध्ये संचालक बाई म्हणाल्या, "सर, आणखी एक आनंदाची बातमी. या हॉस्पिटलचंही काम आम्हालाच मिळालंय. तुमच्याच भाषेत. दारं, लिफ्ट, नातेवाइकांना जाणारे निरोप — सगळं."

"निरोपही?"

"निरोपही."

तेव्हा बोलायला हवं होतं. शाई ओली होती. नाही बोललो.

५ एप्रिल

भावोजींच्या समोरच्या खाटेवर एक आजीबाई आहेत. सकाळी त्यांचा मुलगा रडत आला. आजीबाई पलंगावर बसून केस विंचरत होत्या. त्यांना पाहिलं आणि तो दारातच खाली बसला. त्याच्या मोबाईलवर सव्वादहाला निरोप आला होता : निधन झाले. सव्वाअकराला दुसरा आला : प्रकृती स्थिर.

"मशीन नवीन आहे," नर्स म्हणाली.

आजीबाई म्हणाल्या, "मेले तर मीच सांगेन रे, मशीन कशाला पाहिजे."

सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाले, "आपल्या धाकटीचं काही चुकलं नाही ना?"

"नाही हो. सासरची माणसं नवखी आहेत."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

८ एप्रिल

पॅसेजमध्ये बसून नातेवाइकांना विचारत राहिलो. नुकता निरोप आलेले अकराजण भेटले. अकरांपैकी अकरा वेळा पहिला निरोप खोटा, दुसरा खरा. मध्ये बरोबर एक तास. इतका आज्ञाधारक शिष्य मला आयुष्यभरात वर्गात मिळाला नाही.

ताईला काही सांगितलेलं नाही. धाकटीचं नाव घेतलं की तिचा चेहरा उजळतो.

१० एप्रिल

पहाटे भावोजींना अतिदक्षता विभागात हलवलं. आत सोडत नाहीत. आम्हाला घरी पाठवलं — काय ते निरोपानं कळवू म्हणाले.

आल्याबरोबर संचालक बाईंना सगळं लिहून टाकलं : पद्धत वगैरे काही नाही, माझी खोड आहे, मी खोटं बोललो, निरोप ताबडतोब बंद करा. संध्याकाळी उत्तर आलं : ‘विषय कायदा विभागाकडे पाठवला आहे. तूर्त क्रमात बदल करू नये.’

११ एप्रिल

दहा वाजून पाच मिनिटांनी निरोप आला. ‘रुग्णाची प्रकृती उत्तम. आज घरी नेता येईल.’

ताईनं दोनदा मोठ्यानं वाचला. आता त्यांचा इस्त्रीचा सदरा शोधतेय, गुणगुणतेय. "बसून काय राहिलास? गाडी बोलाव की."

विभागाचा फोन कुणी उचलत नाही. दहा पन्नास झाले.